आई रात्री उठल्या, तर कुणाला कळायला हवं?

पत्र, थोडक्यात:

‘वाईत घाटाजवळ आमचं जुनं घर आहे. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागे परस आणि परसात आड. सासूबाई ७७ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. काचबिंदूमुळे त्यांना फार अंधूक दिसतं. दोघं माजघरात झोपतात, मी आणि दहावीतली मुलगी माडीवर. मिस्टरांची नोकरी पुण्यात, ते शनिवारी येतात. आई रात्री दोन-तीनदा उठून घरभर फिरतात. मागच्या महिन्यात पहाटे परसदार सताड उघडं, आणि आई आडाच्या कट्ट्यावर बसलेल्या. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. एका कंपनीचा माणूस येऊन गेला. तो म्हणतो, “घरातला जीपीएस” बसवू: आईंच्या मनगटाला पट्टा, खोल्याखोल्यांत यंत्रं, मोबाइलवर घराचा नकाशा आणि त्यावर आईंचा ठिपका. ६० हजार रुपये. टोरांटोचे भाऊजी म्हणतात, त्यापेक्षा सगळीकडे कॅमेरे लावा, पैसे मी देतो. आईंच्या अंगावर असं काही बांधायचं माझ्या जिवावर येतं, आणि नाही बांधलं तर भीती वाटते. काय करू? – मा. ग., वाई.’

ताई,

बाकी सगळं नंतर. आडावर जाळी आहे का? नसेल तर उद्याच लोहाराला बोलवा. कुलूप लागेल अशी लोखंडी जाळी, माणसाचं वजन पेलेल इतकी भक्कम. त्याच फेरीत परसदाराला वरच्या अंगाला आणखी एक कडी लावून घ्या. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा हात सवयीच्या उंचीवर जातो. त्याहून वर काही असेल असं बहुतेकदा लक्षात येत नाही. पण किल्लीचं कुलूप लावू नका, आणि बाहेरून तर कधीच नको. रात्री गॅसचा वास आला किंवा आग लागली तर अण्णांनी अंधारात किल्ली कुठे शोधायची?

आता त्या ‘घरातल्या जीपीएस’बद्दल. हे नावच चुकीचं आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून येणारा संदेश आपल्यापर्यंत पोचेतो इतका क्षीण झालेला असतो की छप्पर, माडी आणि जाड भिंती ओलांडून घरात येणं त्याला जमत नाही. घरात बसून मोबाइलवरचा नकाशा उघडा; तुमचा निळा ठिपका कधी शेजारच्या छपरावर दिसेल, कधी रस्त्यात. म्हणून घरात माणूस कुठे आहे हे कळायला घरातच खुणेची ठिकाणं तयार करावी लागतात. तुम्हाला दाखवलेली खोल्याखोल्यांतली यंत्रं म्हणजे बहुधा ब्लूटूथ बीकन. काडेपेटीएवढी डबी सेकंदाला काही वेळा ‘मी माजघर, मी माजघर’ असा पुकारा करत राहते. मनगटावरचा पट्टा सगळे पुकारे ऐकतो, आणि ज्याचा आवाज सर्वांत मोठा त्या खोलीत माणूस आहे असं धरतो. एवढंच त्याचं तत्त्व.

तत्त्व चांगलंच आहे, अडचण आपल्या शरीराची आहे. ब्लूटूथच्या लहरी पाणी शोषून घेतं, आणि माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणीच असतं. आई कुशीवर वळल्या आणि हात अंगाखाली गेला, की माजघरातच असून पुकारा मंद होतो. यंत्राला वाटतं, त्या स्वयंपाकघरात गेल्या. लोखंडी कपाटावरून लहर परावर्तित होते आणि आणखी गोंधळ घालते. त्यामुळे नकाशावरचा तो नेमका ठिपका खोटा आत्मविश्वास देतो. साध्या बीकनकडून ‘कोणती खोली’ इतकंच उत्तर मागावं. तुमच्या वाड्याच्या दोन फुटी भिंती, ज्या वायफायला माडीवर येऊ देत नसतील, त्या इथे उलट उपयोगी पडतात, कारण एका खोलीतला पुकारा दुसऱ्या खोलीत कमी झिरपतो.

याहून नेमकं तंत्रज्ञान आहे, त्याला अल्ट्रा-वाइडबँड म्हणतात. ते आवाजाची मोठी-बारीक पातळी बघत नाही, लहर पोचायला लागलेला वेळ मोजतं. सेकंदाच्या अब्जाव्या भागात लहर साधारण ३० सेंटिमीटर जाते, म्हणजे फूटभर. हा वेळ नीट मोजता आला तर माणूस वीतभर-हातभर अंतराच्या अचूकतेने सापडतो. मोठी रुग्णालयं, कारखाने यांना त्याचा उपयोग आहे. तुमच्या चार खोल्यांना नाही. आई माजघरात खांबापासून दोन फुटांवर आहेत की तीन, याने तुम्हाला काय फरक पडतो?

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला माझ्या आत्याच्या घरी मिळालं. ती राजापूरच्या बाजूला राहायची, तिलाही हाच आजार. भावाने हौसेने असाच पट्टा आणला, डब्या बसवल्या, दोन दिवस सगळं छान चाललं. तिसऱ्या रात्री मोबाइलवर ठिपका स्वयंपाकघरात स्थिर. भाऊ दोनदा बघून निश्चिंत झोपला. उजाडताना वहिनी न्हाणीघराकडे गेली तर आत्या पायरीवर बसलेली, लुगडं ओलं, हात गार पडलेले. आणि पट्टा? तो तांदळाच्या डब्यात, तळाशी, फडक्यात गुंडाळलेला. आत्या जन्मभर आपला मोत्याचा तन्मणी तांदळात लपवत आली होती. मनगटावर काहीतरी नवं आणि किमती आलंय, ते जपायला हवं, इतकं तिला कळलं आणि तिने ते जपलं. यंत्राने काहीच चूक केली नव्हती. पट्टा कुठे आहे ते त्याने रात्रभर बरोबर सांगितलं.

म्हणून आईंच्या बाबतीत माझं स्पष्ट मत: अंगावर बांधायचं काही सध्या नको. तुमच्या मनाला ते पटत नाही हे एक कारण आहेच. दुसरं असं की काढता येणारी वस्तू त्या काढणार. नीट विचार केला तर तुम्हाला चोवीस तास ‘आई कुठे आहेत’ हे कळायला नकोच आहे. तीनच गोष्टी कळायला हव्यात: रात्री अंथरुणातून उठल्या का, परसदार किंवा पुढचं दार उघडलं का, आणि उठल्या असतील तर नेहमीच्या वेळात परत आल्या का. हे तिन्ही घराला सांगता येतं, आईंना काही न बांधता.

दारांसाठी लोहचुंबकाचा छोटा संवेदक येतो. एक तुकडा चौकटीला, दुसरा दाराला. दोघं लांब गेले की बेल. माजघरातून न्हाणीघराकडे जायच्या वाटेवर हालचाल ओळखणारा संवेदक लावा. आपल्या शरीरातून उष्णता बाहेर पडत असते; ऊबदार वस्तू त्याच्यासमोरून हलली की त्याला कळतं, अगदी मिट्ट अंधारातही. त्यात कॅमेरा नाही, चेहरा दिसत नाही, पातळ बदलताना कुणी बघत नाही. मात्र त्याची एक मर्यादा आधीच माहीत असू द्या: निश्चल माणूस त्याला दिसत नाही. आई वाटेत पडल्या आणि हलल्याच नाहीत, तर त्याच्या लेखी वाट रिकामी. म्हणून ‘हालचाल दिसली’ या सूचनेपेक्षा ‘गेल्या, आणि वीस मिनिटांत परत आल्या नाहीत’ ही सूचना महत्त्वाची. ती देणारी व्यवस्था मागा. संवेदकाचं तोंड ऊन येणाऱ्या खिडकीकडे नको, आणि मांजर असेल तर तो कमरेएवढ्या उंचीवर, खाली न झुकवता बसवा.

आणि बेल कुणाला ऐकू जायला हवी? तुमच्या पत्रात अण्णांचा उल्लेख फक्त एक ‘सांभाळायचं माणूस’ असा आलाय. पण रात्री दोन वाजता आईंच्या सर्वांत जवळ तेच असतात, आणि अंधारात त्या घरात फिरायचं कसब तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त आहे. तुम्हाला जिना उतरून यायला लागेल त्याच्या आत ते ‘अगं, कुठे निघालीस?’ म्हणू शकतात, आणि त्या आवाजाने त्या थांबतीलही. म्हणून पहिली सूचना मोबाइलवर नको, माजघरात ऐकू येणारी हवी. बिनतारी दरवाजा-बेल मिळतात, त्यांचे सूर बदलता येतात. परसदाराला एक सूर, पुढच्या दाराला वेगळा. अण्णांना दोन्ही ऐकवून ठेवा. ही सोय इंटरनेटवर अवलंबून नाही, हा तिचा मोठा गुण. पावसात वीज गेली, वायफाय बंद पडलं, तरी बॅटरीवरची बेल वाजेल. (मोबाइलवर सूचना पाठवणारी यंत्रणा घेतलीतच, तर तिचा मुख्य डबा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर असू द्या.)

दुसरी सूचना तुमच्या उशाशी. तिसरी टोरांटोला. भाऊजींना कॅमेऱ्यापेक्षा हे काम द्या. वाईत रात्रीचे दोन वाजतात तेव्हा टोरांटोत दुपारचे साडेतीन-साडेचार झालेले असतात, म्हणजे अख्ख्या घरात तेच एकटे टक्क जागे. परसदार उघडल्याची सूचना आली आणि दहा मिनिटांत दार बंद झालं नाही, तर त्यांनी घरचा फोन वाजवायचा. तो कुणी उचलला नाही तर शेजारच्या काकांचा. लांब असलेल्या मुलाला पैसे पाठवून जी रुखरुख राहते ती अशा रोजच्या, नेमून दिलेल्या जबाबदारीने कमी होते, हे मी दोन-तीन घरांत बघितलंय.

कॅमेऱ्यांबद्दल त्यांना प्रेमाने पण ठाम सांगा की माजघर, न्हाणीघर, कपडे बदलायची जागा इथे कॅमेरा येणार नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने म्हटलं. आठवण गेली म्हणून तो हक्क जात नाही. पुढच्या दाराबाहेर एक लावायचा असेल तर लावा.

आईंना विचारायला हवं. त्यांना काय कळणार, असं कुणी म्हणेल. सकाळी नाश्ता झाल्यावर, मन शांत असतं तेव्हा, एका वाक्यात विचारा: ‘आई, रात्री मागचं दार उघडलं तर अण्णांना बेल ऐकू येईल असं करतोय. चालेल ना?’ दुपारी विसरतील, तेव्हा पुन्हा विचारा. बेल कशाची हे त्यांना माहीत असेल तर ती अचानक वाजल्यावर त्या घाबरणार नाहीत. आणि त्यांनी ‘नको’ म्हटलं, तर का नको ते ऐका. एका आजींनी मला सांगितलं होतं, तो आवाज शाळेच्या घंटेसारखा आहे, मला उशीर झाल्यासारखं वाटतं. आम्ही सूर बदलला. तेवढंच हवं होतं.

आता एक काम तुमच्यासाठी, आणि ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पहिले पंधरा दिवस एका वहीत फक्त वेळा लिहा. आई कधी उठल्या, कुठल्या दिशेने गेल्या, किती वेळाने परतल्या. या नोंदीतून बहुतेकदा कारण सापडतं. रात्री तीनदा न्हाणीघराकडे जात असतील तर त्यांना लघवीला लागलेलं असतं आणि अंधारात दार चुकतं. मग वाटेवर जमिनीलगत मंद दिवा आणि न्हाणीघराच्या दारावर ठळक चित्र एवढ्यानेही फेऱ्या कमी होतील. फेऱ्या एकदम वाढल्या, किंवा आई दोन दिवसांत अचानक जास्त गोंधळल्या, तर लघवीची तपासणी करून घ्या. उतारवयात लघवीच्या मार्गाचा संसर्ग कित्येकदा तापाआधी अशा गोंधळातूनच दिसतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

आणि ती पहाट. आई आडाच्या कट्ट्यावर का बसल्या असतील? लग्न होऊन आल्यापासून, नळ येईपर्यंत, पहाटे उठून त्यांनी तिथेच पाणी शेंदलं असणार. त्या हरवल्या नव्हत्या, कामाला गेल्या होत्या. पहाटेच उठत असतील तर रोखण्यापेक्षा सोबत करा. जाळी बसली की हातात छोटा तांब्या द्या, तुळशीला पाणी घालू द्या. दिवसा हात कामात राहिले तर रात्रीची झोपही थोडी सुधारते.

अण्णांकडे वळते. त्यांच्यासाठी हेच तंत्रज्ञान उलट बाजूने उपयोगी आहे: त्यांची जागा दुसऱ्याला कळण्यापेक्षा त्यांना स्वतःला कळायला हवी. २०१५ मध्ये लंडनच्या पिमलिको भुयारी स्टेशनात वेफाइंडर नावाच्या प्रकल्पाने बीकन बसवून पाहिले. अंध प्रवाशांच्या मोबाइलमधून ‘पुढे सरकता जिना आहे’ अशा सूचना मिळत होत्या. त्या कामातून अशा बोलक्या सूचना कशा असाव्यात याचं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मानक २०१७ मध्ये आलं. चिएको आसाकावा या जपानी संशोधक स्वतः वयाच्या चौदाव्या वर्षी पूर्ण अंध झाल्या. त्यांनी अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात सहकाऱ्यांबरोबर नॅवकॉग तयार केलं. विमानतळासारख्या मोठ्या इमारतीत ते पावलापावलाला वाट सांगतं. आपल्याकडे रुग्णालयात, बँकेत, तहसील कचेरीत हे यावं यासाठी मागणी करायला हवी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक इमारती सुगम करायला सांगतो, आणि सुगम म्हणजे फक्त उतार नव्हे. तोवर घरात अण्णांसाठी साध्या खुणा करा: जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या काठाला पिवळी खरबरीत पट्टी, कठड्याला वळणाआधी सुतळीची गाठ, माणूस आल्यावर आपोआप लागणारा दिवा. त्यांना काचबिंदू आहे, तेव्हा दिवा डोळ्यावर येणारा नको. पायाशी प्रकाश हवा.

न्हाणीघरात दोघांसाठी एक ओढायची बेल लावा आणि तिची दोरी थेट जमिनीपर्यंत सोडा. पुष्कळ घरांत ती उभ्या माणसाच्या हाताला येईल अशी असते, पण पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे दगावतात, आणि त्यात साठीच्या पुढची सर्वांत जास्त. पडणं ओळखणारी घड्याळं मिळतात, अण्णांची तयारी असेल तर बघा. पण भिंतीला टेकत हळूहळू खाली घसरलेला माणूस त्यांना नेहमी ओळखता येत नाही, हे लक्षात ठेवून.

कंपनीच्या माणसाला काय सांगायचं? पंधरा दिवस घरात लावून दाखवा, मग बोलू. इंटरनेट गेल्यावर काय चालू राहतं? आईंच्या हालचालींची माहिती कुठे साठते, कोण बघतं, नको झाली तर पुसता येते का? कंपनी बंद पडली तर डब्या घरापुरत्या चालतील का? २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाल्यापासून हे विचारायला संकोच वाटायचं काही कारण नाही. उत्तरं गुळमुळीत आली तर नमस्कार करून मोकळ्या व्हा. जीपीएसचा खरा उपयोग आई घराबाहेर गेल्या तर. त्यासाठी सिमकार्डवाली छोटी डबी मिळते, पण ती रोज चार्ज करावी लागते आणि आईंनी जवळ ठेवावी लागते. त्याआधी आजच त्यांच्या प्रत्येक पोलक्याच्या आत तुमचा फोन नंबर शिवून टाका. घाटावर कुणी ओळखीचं भेटलं नाही तरी नंबर भेटेल.

शेवटी तुमचं. पत्राच्या कडेला तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय की कधीकधी आईंचा राग येतो आणि मग स्वतःची लाज वाटते. महिनाभर न झोपलेल्या माणसाला राग येतोच, ताई. आठवड्यातल्या दोन रात्री तुमच्या आहेत असं मिस्टरांना सांगा: शनिवारी बेल त्यांच्या उशाशी, आणि दुसऱ्या एका रात्रीसाठी भाऊजींच्या पैशातून झोपायला येणारी बाई. कॅमेऱ्यांपेक्षा तो खर्च सत्कारणी लागेल. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिच्यावर मार्गदर्शन मिळतं. स्मृतिभ्रंशावर काम करणारी एआरडीएसआय ही संस्था १९९२ पासून आहे. सांभाळणाऱ्यांनी एकमेकांशी बोलावं, यासाठी तिच्या शाखा काम करतात.

जाळी बसली की कळवा. आणि पंधरा दिवसांनी त्या वहीच्या पानांचा फोटो पाठवा. परसदाराची बेल किती वेळा वाजली ते बघून आणखी काही घ्यायची गरज आहे का, ते आपण ठरवू.